कुत्रीचा वाटा
परवा शेजारी बोकडाची मुंडी भाजत होते. केस जळल्याचा वास आला आणि कापड्याच्या डोंगरातली ती शिकार आठवली. मुंबईच्या पाहुण्यांना दिवाणखान्यात लावायला रानडुकराचं सुळ्यांसकट मुंडकं हवं होतं. रान दाखवायला वडील गेले, सोबत आमची कुत्री. गोळी लागलेल्या डुकराने तिला फाडलं, ती तिथेच मेली. पाहुणे मुंडकं घेऊन गेले. गावाने धड केसांसकट भाजून रिवाजाप्रमाणे मटणाचे वाटे घातले, त्यात शिकारीत धावलेल्या कुत्रीचाही एक. वडिलांनी तो पानात बांधून आणला. "तिचा हाय, ठेव गो," आईला म्हणाले. आईने तो कुत्रीच्या रिकाम्या थाळीत ठेवला आणि अंधार पडेपर्यंत वडील उंबऱ्यावर बसून त्यावरचे कावळे हाकलत राहिले. यंदा त्यांच्या दहाव्याला सावित्रीकाठी पिंडाजवळ कावळा आला, तेव्हा माझाही हात नकळत त्याला हाकलायला वर गेला.