महालक्ष्मीच्या कानातला कापूस

माझी धाकटी जाऊ तिच्या मुलीला हाक मारते आणि मुलगी येते. एवढंच. दिग्रसच्या आमच्या घरात हे दिवसातून दहा-वीस वेळा होतं आणि दर वेळी माझ्या पोटात दुखतं. माझी मुलगी तिच्या मुलीपेक्षा चार महिन्यांनी मोठी. तिला बोलवायचं तर मला हातातलं काम टाकून उठावं लागतं, तिच्यापर्यंत जावं लागतं, खांद्याला हात लावावा लागतो. जाऊबाई मात्र पोळी लाटता लाटता नुसती मान वळवतात. लोकांना हेवा वाटतो तो दागिन्यांचा, बंगल्याचा. मला हाकेचा वाटतो.

दोघी पाच वर्षांच्या असताना एकाच आठवड्यात तापल्या. मेंदूज्वर निघाला. दोघींना यवतमाळला नेलं, शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. बाराव्या दिवशी तिची उठून बसली आणि तिनं पोहे मागितले. माझीही उठून बसली. मी तिच्याशी बोलत होते आणि ती वर पंख्याकडे बघत होती. मला वाटलं थकली असेल. मग परिचारिकेच्या हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. सगळा वॉर्ड दचकला, माझ्या पोरीची पापणीही हलली नाही.

त्यानंतर कानाची मशिनं झाली, पुण्याच्या खेपा झाल्या. फार काही हाती लागलं नाही. ते सगळं मी सोसलं असतं. सोसवलं नाही ते जावेचं एक वाक्य. घरी कोणीही आलं की ती हात जोडून सांगायची, "देवानं निभावलं बाई आमचं." आमचं म्हणजे कोणाचं? तिच्या पोरीला देवानं वाचवलं असेल, तर माझ्या पोरीचे कान कोणी नेले? त्या दिवशी देव एकाच खाटेपाशी उभा होता का? तिचं चांगलं झालं की देवाची कृपा, माझं वाईट झालं की गेल्या जन्मीचं. हा असा हिशेब सांगणाऱ्या बाया चहा पिऊन निघून जायच्या आणि मी कपबशा आदळत विसळायची.

शाळेत माझ्यासोबत शिकवणाऱ्या एक मॅडम बौद्ध आहेत. त्यांच्यापाशी एकदा सगळं ओकले. त्या म्हणाल्या, "आमच्यात दुःख हाये, त्याचं कारण हाये. पन कोनी बसून दिलं असं नाही मानत आमी. मंग भांडाचं कोनासंग?" मला त्यांचाही हेवा वाटला. त्यांच्याकडे भांडायला कोणी नव्हतं आणि मी तर रोज भांडून भांडून दमले होते.

रोज सकाळी दोन्ही पोरींच्या वेण्या मीच घालते. आधी माझी, मग तिची. तिच्या वेणीचा पेड मी जरा ओढूनच घालायची. "मोठीआई, दुखून राह्यलं ना," ती म्हणायची. "सैल घातली तर सुटते," मी सांगायची. हे लिहायला आज लाज वाटते, तेव्हा वाटत नव्हती.

आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. दोन बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, पितळेचे मुखवटे. थोरलीला थोरल्या सुनेनं आणायचं, धाकटीला धाकट्या सुनेनं, अशी घरची रीत. दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढायची, सुनांनी मुखवटे घेऊन त्यावरून चालत यायचं आणि पोरींनी पुढे ताटं वाजवायची. गेल्या वर्षी दुपारी आम्ही दोघी पडद्याआड महालक्ष्म्यांना साड्या नेसवत होतो. माझ्या थोरलीच्या निऱ्या काही केल्या बसत नव्हत्या, जावेच्या धाकटीच्या एका फटक्यात बसल्या. त्याचाही मला राग आला. तेवढ्यात तिची मुलगी पडदा सारून आत आली आणि आईच्या मांडीवर डोकं टेकून पडली. जावेनं कपाळाला हात लावला आणि तिच्या हातातली टाचणी खाली पडली.

"ताई, पोरीचं अंग लयच तापलं."

दीर आणि ती पोरीला मोटरसायकलवर मधे बसवून डॉक्टरकडे गेले. जाता जाता ती म्हणाली, "मुहूर्त चुकवू नका. माहीबी तुमीच आना."

संध्याकाळी मी एकटीनं दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला थोरली, दुसऱ्या खेपेला तिची धाकटी. सासूबाई आतून विचारत होत्या, "कोण आलं?" मी म्हणायची, "महालक्ष्मी आली." "काय घेऊन आली?" "सुख घेऊन आली." पुढे माझी मुलगी एकटीच ताट वाजवत होती, तालाशिवाय, जीव खाऊन. एरवी हिनं थांबायचं कधी ते जावेची पोर दंडाला हात लावून सांगते. सांगणारी नव्हती म्हणून ही वाजवतच राहिली.

मुखवटे बसवले. सासूबाई आंबील बघायला आत गेल्या. पडद्याआड मी आणि त्या दोघी उरलो. कापसाची वस्त्रं घालायला हात वर नेला आणि चार वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट वर आली.

यवतमाळच्या त्या दवाखान्यात, सहाव्या की सातव्या दिवशी, जाऊ पाणी आणायला खाली गेली होती. दोन खाटांच्या मधे मी उभी होते. मी डोळे मिटून या थोरलीलाच आठवलं आणि म्हणाले, एकीला न्यायचंच असेल तर तिची ने. माझी ठेव. असं शब्द जोडून म्हणाले. शेजारच्या खाटेवर ते पोर झोपलेलं होतं, त्याचा एक मोजा निघालेला होता. तो मोजा मीच नीट केला आणि परत तेच म्हणाले.

चार वर्षं मी देवाशी भांडत होते की त्यानं माझं ऐकलं नाही. आणि त्या संध्याकाळी मला एकच धडकी भरली, की ही आता ऐकते आहे. उशिरा का होईना, ऐकते आहे. चांगला देव असता तर ऐकलं असतं, असं मी ज्याला त्याला म्हणत होते. पण मी मागितलं होतं काय? ते ऐकणाऱ्याला मी चांगलं म्हणणार होते का?

वस्त्राचा कापूस हातात होता. मी त्याचे दोन बोळे केले आणि थोरलीच्या पितळी कानांत घट्ट बसवले. म्हणाले, नको ऐकू. माझं काही ऐकू नको.

पोरीचा ताप साधाच होता. हवा बदलल्याचा. रात्री औषध घेऊन ती परत आली आणि सकाळी ताप उतरला. माझा जीव भांड्यात पडला, पण कापूस काढायचं धाडस झालं नाही. दुपारी आरतीला माझ्या मुलीनंच तो पाहिला. तिनं आधी महालक्ष्मीच्या कानाकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या कानाला लावलं आणि इतकी खुश होऊन हसली की आरती म्हणणाऱ्या बाया थांबल्या. माझ्यासारखीच आहे, असं ती सगळ्यांना सांगत होती. सासूबाई पुढे झाल्या. "काहून गं, कानात कापूस कोनं कोंबला?"

जाऊ म्हणाली, "वस्त्राचा चिकटला असन. राहू द्या ना, पोरगी पाहा किती खुश झाली." आणि माझ्याकडे बघून हसली. तिला खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड नाही.

देव चांगला आहे का, हे मला आजही ठरवता येत नाही. माझ्या पोरीचे कान का गेले याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही, आणि जाऊ "देवानं निभावलं" म्हणाली की अजूनही तळपायाची आग मस्तकात जाते. फक्त आता मी कपबशा आदळत नाही.

त्या वर्षी तिसऱ्या दिवशी विसर्जनाआधी दहीभाताची वाटी न्यायला कोणी तरी हवं होतं. जाऊ मागे कपडे वाळत घालत होती. मी स्वयंपाकघरातून तिच्या मुलीला हाक मारली. एकदाच मारली. ती धावत आली. आणि तिच्या फ्रॉकचं टोक धरून मागोमाग माझी आली, जिला मी हाक मारलीच नव्हती.