युनिफॉर्ममधली एकटी

प्रभादेवीच्या क्षितिजा तळपदेचा पहिला नंबर पाचवीपासून कधी चुकला नाही. वर्गात सगळे तिला ‘टॉपर’ म्हणायचे. नावाने हाक फक्त सुरुची मारायची. सहा वर्षं दोघी एका बाकावर बसल्या, एका डब्यात जेवल्या.

दहावीच्या सेंड-ऑफच्या आदल्या दिवशी सुरुचीचा फोन आला. “ऐक ना, साड्या कॅन्सल. बाईंनी सगळ्यांना युनिफॉर्ममध्येच यायला सांगितलंय.”

दुसऱ्या दिवशी क्षितिजा शाळेच्या हॉलमध्ये शिरली, तर एकूणएक मुलगी साडीत. कोणीतरी खुदकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. आईची निळी साडी नेसलेली सुरुची तेवढी खाली बघत होती.

“का केलंस असं?” क्षितिजाने तिला गाठून विचारलं.

“सगळ्यांनी मिळून ठरवलं गं. नेहमी तूच पुढे असतेस. एक दिवस तरी...”

“आणि तू हो म्हणालीस?”

सुरुची पदर सावरत मागच्या रांगेत जाऊन बसली.

मुलांच्या वतीने भाषण क्षितिजाच करणार होती. ते तिने केलं. फक्त मैत्रिणीबद्दलचा परिच्छेद गाळला. घरी आईने “कसा झाला कार्यक्रम?” विचारलं, तेव्हा मात्र तिला रडू आवरेना.

आठवड्याने सुरुचीने फोन केला. भूमितीचं एक प्रमेय तिला अडलं होतं. क्षितिजाने ते शेवटपर्यंत नीट समजावलं.

“अजून रागावली आहेस?” सुरुचीने हळूच विचारलं.

“प्रमेय कळलं ना?” एवढं म्हणून क्षितिजाने फोन ठेवला. त्यानंतर सुरुचीचा फोन तिने कधीच उचलला नाही.