लंगडोबा
मेथ्या दळल्या की मला मुखवटा आठवतो. कीड लागू नये म्हणून कागदाच्या लगद्यात चित्रकलेच्या सरांनी मेथ्यांची पूड घातलेली. डोंबिवलीतल्या आमच्या शाळेच्या लंगडीच्या संघाचं ते सोंग, म्हणून नाव लंगडोबा. वाकडं तोंड, पुढे आलेले दात. सामन्याआधी तो डोक्यावर चढवून मी मैदानभर लंगडत फिरायचे आणि पोरी हसून हसून लोळायच्या. एका दुपारी ते हसणं अचानक थांबलं. आत कडू वासाचा अंधार होता, आणि माझ्या प्रत्येक पावलामागे एक लोखंडी पाऊल पडत होतं, खट्. मी थांबले की तेही थांबायचं. मग डोळ्याच्या भोकासमोर एक डोळा आला. वर्गात नवीन आलेली, पोलिओमुळे पायाला कॅलिपर लावणारी मुलगी होती ती. "असं नाही गं लंगडत," ती हळूच म्हणाली. "आधी चांगला पाय टाकायचा, मग दुसरा ओढायचा. चल, शिकवते." मी तिच्यामागून सबंध मैदान चालले. कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी लंगडोबा कायमचा बंद केला. आता, चाळीस वर्षांनी, माझा गुडघा गेलाय. जिन्यात काठी टेकते, खट्, आणि आधी चांगला पाय टाकते.