राजकुमाराने मणी चोरला आणि मी सापडले

हसायचं नाही, या अटीवर सांगते. म्हणजे तुम्ही हसणारच, पण निदान चहाचा कप खाली ठेवून हसा!

आमच्या शेणवे गावातल्या घरी संध्याकाळी सात वाजले की एक जादूची मालिका लागते. राजकुमार, परी, बोलणारा बैल, सगळं आहे. माझी दहा वर्षांची चिंगी, तिचे बाबा आणि मी, तिघंही टीव्हीसमोरून हलत नाही. त्या दिवशी काय झालं, राजकुमाराने गुरुजींच्या मठातला मणी चोरला. गावात साथ आलेली, मण्याचं पाणी पाजलं की माणसं उठून बसायची. पण गुरुजींनी विचारलं तर पठ्ठ्याने त्यांच्या पायाला हात लावून चक्क खोटी शपथ घेतली!

"आई, पण लोकांना वाचवायला चोरला ना? मग माफ!" चिंगी म्हणाली.

"माफ कसला? चोरी ती चोरी!"

असल्या बाबतीत मी फार कडक हं. पोरांसमोर हिरो खोटं बोलून सुटला, तर उद्या हीच चिंगी न केलेला अभ्यास केला म्हणून सांगेल!

जाहिराती लागल्या, पण माझा राग काही उतरेना. म्हसा गावात दिलेली माझी बहीण सुलभा हीच मालिका बघते. तिला तावातावाने बोलून मेसेज पाठवला.

"ऐकलंस का गो? अजिंक्यने चोरी केली! वर गुरुजींच्या पायावर खोटी शपथ! आणि त्या परीबरोबर तीन दिवस गुहेत लपला होता. चांगल्यासाठी केलं म्हणे! ते मला नको सांगू, शिक्षा झालीच पायजे!"

आता एक सांगायचं राहिलंच. राजकुमाराचं नाव अजिंक्य. आणि आमच्या पार्वतीवहिनींच्या मुलाचं नावही अजिंक्य! वाशिंदला कारखान्यात कामाला, गरीब गाईसारखा पोरगा. सुलभानेच त्याचं लग्न म्हशाच्या कल्याणीशी जमवलेलं. रविवारी साखरपुडा. त्यासाठी दोन्ही घरांचा मिळून फोनवर एक ग्रुपही केलेला.

मेसेज कुठे गेला, ओळखलंत ना? चष्मा डोक्यावर, बोट भलतीकडे! तेवढ्यात लाइट गेली. टीव्ही बंद, पाठोपाठ फोनही मेला, आणि मी निवांत!

सकाळी दारात जीप. मुलीचे वडील तुकारामभाऊ उतरले. त्यांना बघून आपल्या घरातून पदराने डोळे पुसत पार्वतीवहिनी आल्या, त्यांच्यामागे पांढराफटक पडलेला अजिंक्य.

"सुमनताई, आवाज तुमचाच ना?" भाऊंनी फोनवर मेसेज लावला. अंगणभर मीच! 'चोरी', 'खोटी शपथ', 'गुहा'...

"भाऊ, तो हा अजिंक्य नाय! तो टीव्हीतला!"

"आणि परी? ती पण टीव्हीतली?"

"हो ना! ती उडते."

"उडते म्हंजे? पोरगी पळून गेली?"

"नाय हो, पंख हायत तिला!"

भाऊंनी जीपवाल्याकडे बघितलं. जीपवाल्याने माझ्याकडे. दोघांच्याही नजरेत आता रागाऐवजी काळजी दिसत होती.

"काकी," अजिंक्य रडवेला होऊन म्हणाला, "मी आजवर गुहा पायली पण नाय हो!"

शेवटी चिंगीला अक्कल सुचली. तिने बाबांच्या फोनवर कालचा भाग लावला. भाऊ आधी उभ्यानेच बघत होते, मग ओट्यावर टेकले. चहा आला, निवून गेला. भागाच्या शेवटी गुरुजींनी शाप दिला: मणी जागेवर ठेवेपर्यंत वाचा बंद! राजकुमार मुका झाला, आणि काय सांगू, भाऊंच्या डोळ्यांत पाणी!

"हे जास्ती झालं," ते म्हणाले. "गावासाठीच केलं ना पोराने? सोडून द्यायचा होता."

घ्या! चोरीच्या संशयावरून लग्न मोडायला आलेला माणूस चोराची वकिली करतोय! इथे मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण जीभ कुठली ऐकते!

"तसं कसं, भाऊ? चुकीला शिक्षा पायजेच!"

पार्वतीवहिनींनी पदर खोचला.

"असं? मग सुमन, तुझ्या चुकीला काय?"

"मी काय मुद्दाम केलं?"

"मग त्या राजकुमाराने तरी कोणाच्या वाईटासाठी केलं होतं?"

भाऊंनी तिथल्या तिथे निकाल दिला. लग्न ठरल्याप्रमाणे होईल, पण साखरपुड्याच्या दिवशी सुमनताईंची वाचा बंद!

रविवारी म्हशाला मी तोंडातून अक्षर काढलं नाही. चिंगी पहाऱ्याला! पानात मीठ वाढलं नव्हतं तरी मागितलं नाही. नवऱ्याच्या चेहऱ्यावर तर असं समाधान होतं, जसं काही साखरपुडा त्याचाच आहे.

जेवणं झाल्यावर कल्याणी पाया पडायला आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. गोड पोरगी. वाकली आणि हळूच कानाशी म्हणाली, "काकी, तुमी किती शांत! त्या मेसेजवाल्या बाईला वळखता का हो? तो आवाज ऐकून मी फोनच बंद करून ठेवला होता. तसलं माणूस सासरी जवळपास नसलं म्हंजे मिळवलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान डोलावली. दुसरं काय करणार?

पुढच्या महिन्यात ती नांदायला येतेय. पार्वतीवहिनींच्या आणि आमच्या घरामध्ये भिंत एकच आहे. तीही कुडाची!