कावळ्याव्यतिरिक्त: निरंक

एका पिढीचं निसर्गाशी नातं तुटताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. सकाळी सव्वासात ते नऊ या वेळात, शाळेमागच्या टेकडीवर.

मी मराठी शिकवतो. टेकडीवरची निसर्गसहल ही विज्ञानाच्या बाईंची. त्यांनीच ती सुरू केली आणि आठ वर्षं एकटीने टिकवली. दर सत्रात एकदा त्या सातवीला निरीक्षणवह्या देऊन वर नेत आणि दर सत्रात मुलं वहीत कावळा लिहून खाली येत. त्या वर्षी मुख्याध्यापकांनी अट घातली.

"बाई, कावळा शाळेच्या गॅलरीतून दिसतो. या वेळी मी स्वतः येतो. मुलांना दुसरं काही दिसलं, तर सहल चालू. नाहीतर पुढच्या सत्रात वॉटर पार्क."

हे बोलणं दार लावून झालं, त्यामुळे मधल्या सुट्टीपर्यंत अख्ख्या सातवीला कळलं.

टेकडीवर मुलं इतकी शांत होती, की बाई भारावल्या. "बघा सर, निसर्ग माणसाला कसा अंतर्मुख करतो." मी बघत होतो. चाळीस मुलं आपापल्या बुटांकडे बघत चालली होती. डोक्यावरून खंड्या गेला, एकही मान वर झाली नाही. एक मुंगूस वाटेत आडवं आलं. पुढच्या मुलीने थांबून त्याला जाऊ दिलं आणि वहीत काही न लिहिता ती पुढे निघाली. बाई तेव्हा मुख्याध्यापकांना पाणी देत होत्या. त्यांना निम्म्या चढावरच धाप लागली होती.

माथ्यावर मुख्याध्यापक एका दगडावर टेकले आणि त्यांच्या पाठीमागे, दहा पावलांवर, मोर येऊन उभा राहिला.

"सर, मोर," बाई कुजबुजल्या.

मुख्याध्यापक बेताबेताने वळले. तेवढ्यात मोर झुडपात शिरला.

"कुणी पाहिला?"

"नाही सर," चाळीस जण म्हणाले. इतक्या एकसुरात त्यांनी प्रार्थनासुद्धा कधी म्हटली नव्हती.

"मराठी सर, तुम्ही?"

मोर मी चोचीपासून शेपटीपर्यंत पाहिला होता. पण उतार अजून बाकी होता आणि माझे गुडघे मला काही सुचवत होते. "माझ्या चष्म्यावर वाफ धरली होती," मी म्हणालो. बाईंनी माझ्याकडे जसं पाहिलं, ते मी कुठल्याही वहीत लिहिणार नाही.

झुडपातून मोर ओरडला. तीन वेळा.

"मांजर असेल, सर," मागून एक मुलगा म्हणाला.

रोज टेकडी चढणारे एक आजोबा काठी टेकत चालले होते, ते थांबले. "मांजर? अहो, मोर आहे तो. आता त्याने काय ओळखपत्र दाखवायचं?"

बाईंचा चेहरा उजळला. मुख्याध्यापकांनी विचारलं, "आपण शाळेचे पालक आहात का?"

"सुदैवाने नाही."

"मग आपलं निरीक्षण धरता येणार नाही."

"मोराला कळवतो तसं," म्हणून आजोबा उतरू लागले.

अहवाल मुख्याध्यापकांनी स्वतः लिहिला. 'दिसलेले पशुपक्षी, कावळ्याव्यतिरिक्त: निरंक.' बाईंनी त्यावर मुकाट्याने सही केली आणि पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. एरवी स्टाफरूममध्ये मला चहा त्याच ओतून द्यायच्या. ते पंधरा दिवस माझा मीच ओतून घेतला.

दुसऱ्या सत्रात आम्ही वॉटर पार्कला गेलो. बाईंनी तिथेही वह्या आणल्याच होत्या. बसमधून उतरताना त्यांनी त्या वाटल्या. फाटकाशी घसरगुंडीचा पाइप चोचीत धरलेला एक भलामोठा मोर आहे. चाळीसही मुलांनी कुणी न सांगता मान वर केली आणि वहीत नोंद केली: मोर, एक, सिमेंटचा.

मुख्याध्यापकांनी तो जवळ जाऊन पाहिला आणि सगळ्या नोंदींखाली सही केली.