फिजिक्सची रेषा

"हात दाखव."

शाळेच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की काका आधी हे म्हणायचे. नाव नाही, वर्ग नाही. आपण दोन्ही तळवे पुढे केले की चष्मा कपाळावर ढकलून ते वाकून बघत, मग तळवे जोडायला लावून त्यांवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवत आणि म्हणत, "चलो, खिडकीपर्यंत जाऊन ये." पाणी सांडलं नाही तर "घे फिजिक्स." सांडलं तर "कॉमर्स घे, बेटा. तिथे तुटण्यासारखं काही नसतं."

ते मास्तर नव्हते, हे आधीच सांगते. यंत्रं काढून देणं, पुसून ठेवणं, संध्याकाळी कुलूप लावणं, हे त्यांचं काम. शिक्षण आठवीपर्यंत. पण उज्जैनच्या आमच्या त्या शाळेत शेवटच्या वर्षाला फिजिक्स दोन प्रकारचं असे. साधं फळ्यावर शिकवत, ॲडव्हान्स प्रयोगशाळेत, खऱ्या यंत्रांवर. ॲडव्हान्सच्या फॉर्मवर फिजिक्सच्या मास्तरांची सही लागे, आणि मास्तर म्हणजे अर्धे मिटलेले डोळे. "काकांनी पाहिलंय का?" एवढं विचारून ते सही ठोकत आणि पुन्हा डोळे मिटत. म्हणजे कोण शिकणार आणि कोण नाही, ते ठरवत होते काका.

त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. यंत्रं विलायती, दरबारच्या काळात आलेली. कपाटावर आधी 'ग्वालियर राज्य' लिहिलेलं होतं. त्यावर रंग मारून 'मध्य भारत' केलं, आणि आता तेही जाऊन नवीन राज्य येणार, राजधानी भोपाळला, असं पेपरात रोज येत होतं. "हा तराजू फुटला तर नवा कोणत्या सरकारकडे मागू, सांग," असं ते ज्याला त्याला विचारत.

पण गाव कोणतं? उज्जैन. राम घाटावर दर दहा पावलांवर छत्रीखाली कुणीतरी कुणाचा तरी हात बघत बसलेलं. अशा गावात एक माणूस पोरांचे तळवे बघतो आणि याला फिजिक्स येईल, याला नाही असं सांगतो, तर लोक काय समजणार तुम्हीच सांगा. आया पत्रिका घेऊन यायला लागल्या. एकीने तर टेबलावर नारळ ठेवून नमस्कार केला. तो नारळ पुढे आम्ही तरंगण्याच्या प्रयोगाला वापरला.

"बाई, मी लॅबवाला आहे, पंडित नाही," काका हात जोडून सांगत. "मी रेषा बघत नाही, हात कापतो का ते बघतो."

बाई बाहेर पडून दुसरीला सांगे, "बघितलंस? खरा आहे, म्हणून कबूल करत नाही."

आणि खोटं बोलणं तर त्यांच्या बसकी बातच नव्हती. एकदा इन्स्पेक्टरसाहेबांनी सहज विचारलं, "सब ठीक है?" हेडमास्तर मागून डोळ्यांनी खुणा करताहेत आणि काका शांतपणे फडक्यात गुंडाळलेली तीन फुटकी थर्मामीटरं साहेबांपुढे उलगडताहेत. नंतर हेडमास्तरांनी झाप झाप झापलं, तेव्हा म्हणाले, "काय करू, खोटं बोललं की माझ्या पोटात दुखतं." हे काही बोलण्यापुरतं नव्हतं, खरंच दुखायचं.

आता माझं. मुलींची शाळा आठवीला संपायची, म्हणून आम्ही चौघी मुलांच्या शाळेत येत होतो. नववीत मास्तरांनी लोलकातून भिंतीवर रंग पाडून दाखवले आणि माझं डोकंच फिरलं. हे रंग आधी कुठे होते, हे मला कळायलाच हवं होतं. शेवटच्या वर्षी ॲडव्हान्स फिजिक्स मिळालं तरच पुढे कॉलेजात तो विषय, नाहीतर दार बंद. घरी बाबांनी मात्र गृहविज्ञान ठरवून टाकलेलं.

बाबा कचेरीत हेडक्लार्क. त्या उन्हाळ्यात ते बिचारे अर्धे झाले होते. नव्या राज्यात कोणाची बदली कुठे, याच्या याद्या सरकारच्या आधी ज्योतिष्यांकडे तयार होत होत्या. बाबांनी तिघांना विचारलं. एक म्हणाला ग्वाल्हेर, दुसरा इंदूर, तिसरा भोपाळ. त्यात मी जेवण सोडून बसले. शेवटी कंटाळून ते म्हणाले, "त्या तुमच्या प्रयोगशाळेतल्या सिद्धपुरुषालाच विचारू. तो म्हणाला रेषा आहे, तर घे. नाही म्हणाला, तर गृहविज्ञान. मग रडायचं नाही."

ते रेषा बघत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण हे बाबांना सांगितलं असतं तर तोही मार्ग गेला असता, म्हणून मी गप्प बसले.

फॉर्मच्या शेवटच्या दिवशी बाबा काळी टोपी घालून शाळेत आले आणि प्रयोगशाळेच्या दारात बूट काढायला लागले. "राहू द्या साहेब, खाली काचा असतात," काका म्हणाले. बाबांनी तरी काढलेच.

"हात दाखव," काका मला म्हणाले आणि ग्लास ठेवला.

मी निघाले. माझ्या पाचावर धारण बसलेली. तिसऱ्याच पावलाला हात असा लटपटला की अर्धा ग्लास बाबांच्या मोज्यांवर. बाबांना वाटलं, विधीच असेल. त्यांनी वाकून ओल्या मोज्याला बोटं लावली आणि ती डोळ्यांना लावली.

संपलं, मला वाटलं. आता 'कॉमर्स घे' म्हणतील. मी काकांकडे बघितलं. माझे डोळे भरून आले. बाबांनी विचारलं, "मग? रेषा काय म्हणते?"

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, माझा हात हातात घेतला आणि तळव्यावरून बोट फिरवलं.

"ही बघा साहेब. मनगटापासून निघाली ती सरळ वर. फिजिक्सची आहे."

बाबा पडले कचेरीतले. "साधं की ॲडव्हान्स?"

"ॲडव्हान्स."

बाबांनी तिथेच फॉर्मवर पालकाची सही केली आणि मग हळूच स्वतःचा हात पुढे केला. "आणि बदलीचं?"

"साहेब, माझा विषय फक्त फिजिक्स," काका म्हणाले.

बाबा गेल्यावर ते स्टुलावर बसले. "रेषाबिषा काही नाही. पाणी तू सांडलंस आणि खोटं मी बोललो. आता ते खरं करायचं काम तुझं." मग पोट धरून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेले.

मला त्यांनी दिवाळीपर्यंत एकाही यंत्राला हात लावू दिला नाही. रोज ग्लास घेऊन खिडकी आणि परत. पोरं हसायची. मीही हसायचे, आणि चालायचे. दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी तराजूच्या पेटीची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

इकडे बाबांनी गावभर डंका पिटला होता. प्रयोगशाळेपुढे पालकांची रांग. काकांनी एकच उत्तर धरलं, "नजर होती ती एकदाचीच. त्या पोरीवर खर्च झाली." आणि लोकांना हे लगेच पटलं. इतकी वर्षं खरं सांगत होते, तेव्हा एकानेही ऐकलं नव्हतं.

बाबांची बदली भोपाळला झाली. परीक्षेनंतर आम्हीही गेलो. कॉलेजात मी फिजिक्सच घेतलं. दर वर्षी परीक्षेआधी काकांचं कार्ड यायचं. त्यात खुशाली नाही, आशीर्वाद नाही. फक्त 'रोल नंबर कळवावा.' मी कळवायचे.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तशी मी पेढे घेऊन उज्जैनला गेले. फ्रीगंजच्या मागे त्यांची दोन खोल्यांची जागा. दार काकूंनी उघडलं. काका चैत्रातच गेले होते. मला कोणी कळवलं नव्हतं, कळवणार तरी कोण.

काकूंनी चहा ठेवला. "दर जूनमध्ये हे सकाळी स्टेशनवर जाऊन पेपर आणायचे," त्या म्हणाल्या. "ओट्यावर बसून नंबर शोधायचे. शेजारी विचारायचे, कुणाचा नंबर बघता? हे म्हणायचे, माझाच. इस उमर में? तर म्हणायचे, हां भाई, परीक्षेत लटकलोय."

मी कप खाली ठेवला.

"औंदाचा नंबरही आला होता तुमचा. त्या कोनाड्यात ठेवलाय त्यांनी. मला वाचता येत नाही, म्हणून राहून गेलं." त्यांनी पदराला हात पुसले. "काय झालं हो त्याचं?"

"पास झाले, काकू. पहिल्या वर्गात."

काकू उठल्या. आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत भिंतीशी टेकवून ठेवलेली एक खाट होती, दुसरं कोणी नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पास झालात."