पिठीतली गोळी

दारू सोडवायची गोळी सुगंधा रोज सकाळी पाट्यावर बारीक करायची आणि धाकूच्या कुळथाच्या पिठीत मिसळायची. सांताक्रूझच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, नवऱ्याला सांगून द्या, यावर दारूचा घोट जरी गेला तर जिवावर बेतेल. सांगितलं असतं तर धाकूने गोळी गटारात फेकली असती आणि तिला दाराबाहेर काढलं असतं. म्हणून तिने तोंड शिवून घेतलं.

गिरणीचा संप फसला तशी धाकूची नोकरी गेली आणि बाटली आली. गोळी सुरू झाली त्याच संध्याकाळी तो गुत्त्यावरून आला तो लालबुंद, ओकत, छाती धरून. तो वाचला, आणि शुद्धीवर येताच म्हणाला, "राखणदार कोपलो माझ्यार." वाकोल्यातल्या त्यांच्या चाळीमागे, वडाखाली, कोकणातल्या लोकांनी वस्ती राखणारा देव, राखणदार, मांडला होता. धाकूने तिथे जाऊन शपथ घेतली. तेव्हापासून चार महिने थेंब नाही. चाळ देवाचे गोडवे गाई आणि सुगंधा मान डोलवी. देवाचं नाव होतंय तर होऊ दे, बाई, आपला संसार तर चाललाय!

पण राखणीचा, राखणदाराला वर्षाचा मान द्यायचा रविवार आला. वडाखाली कोंबडा दिला, दारूची बाटली उघडून देवाला धार सोडली. चाळीतल्या म्हाताऱ्या भिकाजीने देवाला गाऱ्हाणं घातलं आणि उरलेल्या दारूचं तीर्थ वाटायला घेतलं. धाकूनेही पेला पुढे केला. देवाचंच ते, देव कसा कोपेल?

सुगंधा बायकांत उभी राहून बघत होती. बोललं तर देवाची भीती जाणार, आणि त्या भीतीवरच तर तो टिकला होता. गप्प बसलं तर माणूसच जाणार. पेला ओठांशी गेला.

"अवो, तोंडाक लावू नकात!" ती किंचाळली. "मी तुमच्या जेवणात गोळी घालतंय! त्या दिवशी देव नाय कोपलो, गोळयेन तसा झाला!"

धाकूने पेला खाली ठेवला. "म्हणजे देवान नाय, तू केलंस?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला. सुगंधाला वाटलं, गेला तो थेट गुत्त्यावर. सकाळचीच पिठी त्याच्या पोटात होती. ती गुत्त्यापर्यंत धावली. तो तिथे नव्हता.

दिवेलागणीला तो घरी आला. तोंडाला वास नव्हता. तिने ताट वाढलं, त्याने ते तिच्याकडे सरकवलं. "पयली तू जेव." ती भीत भीत जेवली, तो घासन् घास बघत होता. मग तो जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पाट्याला हातच लावला नाही. धाकू समोर येऊन बसला आणि तळवा पुढे केला.

"ती गोळी हयसर हाड, माका दी."

आता फेकणार, असं समजून तिने ती दिली. त्याने तोंडात टाकली, वर पाणी प्यायला.

"देव नाय म्हणालंस ना," तो खाली बघत म्हणाला, "मगे आता माका माझीच भिती वाटता."